जावयाची नवी जमीन

धाकटे, तुला थोरलीचा आशीर्वाद.

लेकीकडे मी सुखरूप आहे. जेवते, झोपते, गुडघे तेवढे कुरकुरतात.

जावयाने घरात मॅग्नेशियम का काय म्हणतात, त्या सिमेंटची जमीन केली आहे. अगदी आरशासारखी, पण तिला पाणी सोसत नाही म्हणे. विहीणबाई ती कोरड्या फडक्याने पुसतात आणि नातू त्यांच्या मागे मागे रांगतो. मी उचललं की भोकाड पसरतो. माझा नुसता जळफळाट होतो.

आपल्या घराच्या काँक्रीटला आपण पाणी मारमारून ते पक्कं केलं होतं ना? मला वाटलं, सिमेंट सगळं सारखंच, ही बाईच आळशी. त्या बाजारात गेल्या की मी रोज बादली ओतून जमीन घासायची. आता तिथे पांढरी भुकटी सुटली आहे, नखानेही उकरता येते.

जावई भडकला. मी तोंड उघडायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, "पाणी माझ्याच हातून सांडलं रे."

लगेच लेक त्यांची बाजू घ्यायला धावली! नातू त्यांचा, लेक त्यांची, आता माझी चूकसुद्धा त्यांचीच? उद्या सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे. बोलणी तरी माझी मला मिळू देत.

तुझ्या सुना धड वागतात ना? कळव.

तुझी आक्का