‘येते’ म्हणायचं नाही

५ फेब्रुवारी

मिळालं! इस्पितळाच्या धुलाई विभागात आमच्या घडीला कामावर घेतलं — महिनाभर चाचणीवर का होईना, पण घेतलं! दिव्यांगांच्या आमच्या केंद्रात सगळे तिला घडीच म्हणतात. तिने घडी घातलेली चादर उलगडायला जिवावर येतं. पंचविशीची पोर. बोलणं मोजकं, आणि शब्द म्हणजे शब्द. थट्टेत काही बोलावं तर ती ते खरंच धरून बसते. डॉक्टरांकडे या स्वभावाला मोठं नाव आहे. माझा आपला साधा नियम — जे म्हणायचंय तेवढंच बोला.

हाताला वळण लागेपर्यंत मी तिच्या शेजारी उभं राहायचं. मग थोडं मागे. मग दारापाशी. मग दाराबाहेर. थोडक्यात, काढता पाय घ्यायचाच मला पगार मिळतो! सासूबाई म्हणतात, "अंग काढून घ्यायची नोकरी बरी शोधलीस."

७ फेब्रुवारी

कचेरीत बैठक. साहेबांनी सरकारची वर्षाची उद्दिष्टं पुन्हा वाचून दाखवली — दिव्यांगांपैकी किती जणांना शिकवायचं, किती जणांना कामाला लावायचं. निम्मी मंडळी डुलक्या घेत होती. एरवी मीही घेते. पण त्यात दोन गोष्टी अशा आहेत की त्या लिहिणाऱ्याला एकदा भेटावंसं वाटतं. एक — काम कुठलं हवं हे ज्याचं त्याला विचारा, तुम्ही ठरवू नका. दुसरी — सोबतीशिवाय टिकली तरच ती नोकरी धरा.

पहिली होती म्हणून तर मी घडीला विचारलं होतं. म्हणाली, "चादरी. गरम असतात." बस्स. आधी केंद्राच्या मेणबत्त्यांच्या खोलीत होती. तिथला वास तिला सोसत नाही, नाकाला रुमाल बांधून बसायची. आणि इतकी वर्षं कुणी तिला विचारलंच नव्हतं!

दुसरी मात्र आता माझ्या मानगुटीवर बसणार. साहेब म्हणाले, "बाई, महिना संपताना तुमचे तिथले तास शून्य पाहिजेत. नाहीतर चाचणी बंद, मुलगी परत केंद्रात." म्हणजे परत मेणबत्त्या. परत नाकाला रुमाल.

९ फेब्रुवारी

धुलाई विभाग तळघरात. एका भिंतीला धुण्याची मोठाली यंत्रं, मध्ये चादरींना इस्त्री करणारा लांबलचक रोलर, पलीकडे घड्या घालायचं टेबल. बोलायचं तर ओरडावं लागतं. सगळं खातं एका बाईच्या ताब्यात — सगळे त्यांना मावशी म्हणतात, आणि टरकून असतात.

मावशींचं बोलणं म्हणींशिवाय पुढे सरकत नाही. डाग राहिलेली चादर धरून त्या घडीला म्हणाल्या, "डोळ्यांत तेल घालून बघायचं, कळलं?" घडी विचार करून म्हणाली, "नको. झोंबेल."

मी देवाचा धावा करतेय. मावशींनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. झोंबतं." मग डागावर बोट ठेवून, "हा दिसला की चादर त्या टोपलीत." घडीने मान डोलावली. त्यानंतर एक डाग तिच्या हातून सुटलेला नाही.

१२ फेब्रुवारी

हात काय बसलाय पोरीचा! गरम चादर रोलरमधून बाहेर आली की आधी दोन्ही तळवे त्यावर टेकवते, क्षणभर डोळे मिटते, मग कोपरे जुळवते. मावशींना वाटलं वेळ घालवते. मी म्हटलं, बघत राहा. ढीग इतरांच्या आधी संपला. मी दारापर्यंत मागे सरकले. उद्या बाहेर!

१३ फेब्रुवारी

फजिती. सकाळी तिला कामाला लावलं, निघाले. तासाभरात मावशींचा फोन — "अहो, ही काम टाकून दारात उभी! हलवली तर हलत नाही." धावत गेले. तिने मला पाहिलं, आणि टेबलापाशी जाऊन चादर उचलली. मावशींचं तोंड एवढंसं झालेलं.

१४ फेब्रुवारी

पुन्हा तेच. मी आत — काम झकास. मी बाहेर — ही दारात. मावशी म्हणाल्या, "बाई, तुमचा लळा लागलाय तिला. अशानं कसं व्हायचं?" लळा! मला मेलीला आतून थोडं बरंच वाटलं, हेही लिहून ठेवते. पण लळ्यानं तास शून्य होत नाहीत.

१६ फेब्रुवारी

आज तिलाच विचारलं. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं — उद्दिष्टांत लिहिलेलंच आहे की, विचारा म्हणून!

"तू दारात का उभी राहतेस गं?"

"तुम्ही येते म्हणालात."

"बरं, मग?"

"आणि आला नाहीत."

मी डोक्याला हात लावून तिथंच बसले. कसला लळा न् कसलं काय! निघताना मी म्हणते, "येते हं." जन्मभर म्हणत आलेय. आपण सगळेच म्हणतो. येते म्हणायचं आणि चालू लागायचं! आणि ही बिचारी मी आत्ता येणार म्हणून दार धरून उभी. माणूस येणार असेल तर कुणीतरी दारात असावं, एवढंच तिचं म्हणणं. चुकलं कुठे तिचं?

मावशींना सांगितलं. पोट धरधरून हसल्या. मग हसू पुसून म्हणाल्या, "आपल्यापेक्षा तिचंच खरं." आता ‘येते’ म्हणायचं नाही.

१७ फेब्रुवारी

नाही म्हणायचं, हे लिहायला सोपं. जीभच वळेना. घरून निघताना सराव म्हणून सासूबाईंना म्हटलं, "जाते." हातातली वाटी खाली ठेवली त्यांनी. "जाते काय, अवलक्षणी! येते म्हण." म्हटलं, कामाचा भाग आहे. "मग कामावर म्हण. माझ्या दारात नको." शेवटी त्यांच्यासाठी येते म्हणाले तेव्हा कुठे त्यांनी वाटी उचलली.

तिथे जाऊन घडीसमोर उभी राहिले, श्वास घेतला आणि म्हटलं, "मी जाते. आज परत येणार नाही. उद्या सकाळी येईन." कानाला किती कोरडं लागलं! परक्या माणसासारखं. तिने मान डोलावली, चादर उचलली. दिवसभर फोन नाही.

२१ फेब्रुवारी

तीन दिवस गेले नाही. सगळं सुरळीत. मावशींनी म्हणी सोडल्यात! कुणी चहा सोडतं, यांनी म्हणी सोडल्या. घडीशी बोलताना आधी थांबतात, मनातल्या मनात वाक्य निवडून घेतात, मग बोलतात. आता खात्यातल्या बाकीच्यांशीही तशाच बोलायला लागल्यात, आणि म्हणतात कामं कमी चुकतात. मला या बाईचं फार कौतुक वाटतं. तीस माणसांचं खातं हाकणारी बाई एका नव्या पोरीसाठी या वयात जीभ बदलते, याला काय म्हणावं?

२७ फेब्रुवारी

मेले! आज इस्पितळाचे व्यवस्थापक घडीचं काम पाहायला येणार होते. ठेवायचं की नाही, तेच ठरवणार. मी सकाळी जाऊन तिला धीर दिला, तिला त्याची गरज नव्हती, मला होती — आणि निघताना तोंडातून गेलं, "घाबरू नकोस हं, येते!"

बेकरीत दुसऱ्या एकाला शिकवत होते. पिठात हात असताना एकदम आठवलं. तशीच धावले. फोन लावतेय तर मावशी उचलत नाहीत. रिक्षात पूर्ण वेळ डोळ्यांपुढे मेणबत्त्या.

तळघराच्या दारात पोचले आणि बघतच राहिले. घडी दारातच होती, पण हात चालू होते! मावशींनी घड्या घालायचं अख्खं टेबल उचलून दारात आणून ठेवलेलं. व्यवस्थापक बाजूला उभे.

"हे टेबल दारात का?" ते विचारत होते.

"इथं वारा येतो," मावशी म्हणाल्या. तळघरात वारा!

घडीने मला पाहिलं. "आलात," म्हणाली. आणि टेबलाचं एक टोक धरून मावशींकडे बघू लागली. मावशींनी दुसरं धरलं. टेबल जागेवर. व्यवस्थापक एकदा माझ्या पिठाच्या हातांकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिले. ते गेल्यावर मी मावशींच्या गळ्यात पडले. त्यांच्या निळ्या कोटावर पिठाचे दोन पंजे उठले. "डाग दिसतोय," घडी म्हणाली. "त्या टोपलीत."

४ मार्च

कायम! घडी कायम झाली! व्यवस्थापकांनी मावशींना विचारलं म्हणे, की हिला कसं काय सांभाळता? मावशी म्हणाल्या, "सांभाळायचं काय त्यात? आपण बोलतो ते खरं बोलायचं, एवढंच. बाकी ती करते." साहेबांनी माझे तास शून्य केले आणि अभिनंदन केलं. शून्याबद्दल अभिनंदन आयुष्यात पहिल्यांदाच! उद्या शेवटचं जाऊन यायचं.

५ मार्च

निघताना म्हटलं, "जाते."

घडीने चादरीवरून मान वर केली. "येते म्हणा."

"अगं, पण मग तू —"

"नाही थांबणार. मावशी घरी जाताना म्हणतात येते. मग सकाळी येतात."

म्हटलं, येते. ती वळली, गरम चादरीवर दोन्ही तळवे टेकवले, कोपरे जुळवायला लागली. एकदाही मागे पाहिलं नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी मावशींनीच रोलरपलीकडून हाक मारली —

"अहो बाई, दारात का उभ्या?"