रात्री नऊचं ऊन आणि नखं

कासलबार, जून २०१७

ती. आईस,
डॉक्टर लेकीचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवतेही.

काल ड्यूटीवरून येऊन मागच्या पायरीवर नखं काढत बसले होते. रात्रीचे नऊ वाजलेले, पण इथे जूनमध्ये तेव्हाही ऊन असतं. शेजारच्या हारुकाची आई जपानमधल्या गावाहून आली आहे. तिने कुंपणावरून हात घालून माझं नेलकटरच काढून घेतलं आणि तिच्या गावच्या बोलीत मला असं झापलं, की तूच आठवलीस.

हारुका म्हणाली, "आईची बोली मला अर्धीच कळते, पण हे पाठ आहे. रात्री नखं काढणाऱ्याला आईवडिलांच्या शेवटच्या वेळी जवळ असता येत नाही."

"तू मानतेस?"

"छे. पण मी सकाळीच काढते."

हारुकाची लेक एमी इथेच वाढलेली. ती इंग्रजीत म्हणाली, "ऊन आहे ना अजून? मग ग्रँड." इथे 'चालतंय की'ला सगळे ग्रँडच म्हणतात.

तू नुसती लक्ष्मी जाते म्हणायचीस, तेव्हा मी हसायचे.

बाबांचा दम कसा आहे? 'बरा आहे' लिहू नकोस, खरं लिही.

तुझी,
आजपासून सकाळी नखं काढणारी
मुक्ता