डबा क्रमांक तीन

मी, मारित योहाना एल्स्टाद, वय एकतीस, नोकरी राज्याच्या वजनमापे खात्यात निरीक्षक, राहणार लुइसटाउन, मोंटाना, हे माझे पहिले आणि एकमेव मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप शाबूत नाही आणि ती परवा, मंगळवारी, ग्रेट फॉल्सला बदलायची आहे. डॉक्टरांनी धोका शंभरात दोन सांगितला. धान्याच्या कोठारावरचा काटा शंभरात दोन चुकत असेल तर मी त्याला सील लावते. म्हणून हे कागद.

१. घर आणि बँकेतली शिल्लक माझी बहीण गुन्हिल्ड हिला. ती घर विकणार हे मला माहीत आहे, खुशाल विकावे. मात्र खालचे कलम चार पुरे होईपर्यंत तळघर कोणाला दाखवू नये. तळघराच्या दिव्याचे बटण दोनदा दाबावे लागते.

२. काडतुसे भरण्याचे यंत्र, साचे आणि बंदुकीची दारू तोलण्याचा काटा काउंटीच्या मुलींच्या नेमबाजी संघाला. दारू ग्रेन या गुंजेहून लहान वजनात तोलतात; काटा एका ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत खरा आहे. दर महिन्याला तपासलेला आहे. मुलींना पहिल्या दिवशी हे सांगावे: टेबलावर एका वेळी एकच दारूची बरणी ठेवायची, काम संपले की ती तिच्याच मूळ डब्यात परत. हे मला माझ्या काकांनी, आर्लन एल्स्टाद यांनी, मी अकरा वर्षांची असताना शिकवले. वीस वर्षांत मी हा नियम मोडलेला नाही. मोडला तो दुसरा नियम. तो पुढे येईल.

३. गावातल्या बंदुकांच्या दुकानाचे मालक डेल क्रॅबट्री यांना मी एक रिकामी प्लास्टिकची बाटली, तिच्यावरच्या हस्तलिखित चिठ्ठीसह, देते. कारण असे.

दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात गावात काडतूस मिळत नव्हते. दुकान नऊला उघडे, रांग सहाला लागे. काडतुसाच्या बुडाशी बसून दारू पेटवणाऱ्या, पस्तीस डॉलरला मिळणाऱ्या हजार टोप्या क्रॅबट्रींनी एकशे ऐंशीला लावल्या, तेही सोबत नवी बंदूक घेतली तरच. मी म्हटले, "मागच्या वर्षीचाच माल आहे हा. खोक्यावर तारीख आहे."

ते म्हणाले, "बाई, तुम्ही पेट्रोल पंप तपासता ना? मग पंप तपासा. नको असेल तर मागच्याला पुढे येऊ द्या."

मागचा पुढे आला. बुधवारची आमची स्पर्धा जूनमध्ये बंद पडली. माणसे नेमबाजी सोडून साठवणीचे बोलू लागली. मीही शनिवारी तीन गावे फिरत असे, रिकाम्या फळ्या बघत, आणि घरी येऊन आहे तेच पुन्हा मोजत असे. सप्टेंबरात क्रॅबट्रींनी मोठ्या पिंपातली दारू छोट्या बाटल्यांत ओतून विकायला काढली. बाटलीवर पेनाने नाव लिहिलेले, कारखान्याच्या खेपेचा लॉट नंबर नाही. दुसऱ्याने ओतलेली दारू घ्यायची नाही, हा तो दुसरा नियम. मी घेतली. माझे शिक्षण, माझी नोकरी आणि माझे काका हे तिन्ही तेव्हा माझ्या डोक्यात होते, तरी घेतली.

४. मी भरलेले एकही काडतूस कोणीही झाडू नये, विकू नये, आठवण म्हणून ठेवू नये. आमच्यात रीतच आहे की दुसऱ्याने भरलेले काडतूस कोणी आपल्या बंदुकीत घालत नाही. नवरा बायकोचे घालत नाही, बायको नवऱ्याचे नाही. सगळी फोडून गोळी, दारू आणि पुंगळी, म्हणजे पितळी नळी, वेगळी करावीत. प्रत्येक डब्यावर माझे लेबल आहे: तारीख, पुंगळी, टोपी, दारू, दारूचा लॉट नंबर, वजन.

त्या बाटलीतून मी साठ काडतुसे भरली. वीस-वीसचे तीन डबे. लेबलांवर लॉट नंबरचा रकाना रिकामा सोडावा लागला. पहिल्या डब्यातले पहिलेच झाडले तेव्हा रायफलीचा बोल्ट, म्हणजे मागची उघडझाप करणारी कडी, अडकला. लाकडी हातोडीने उघडावा लागला. पुंगळीचा तळ चपटा झाला होता, म्हणजे दाब भलताच वाढला होता. बाटलीत चिठ्ठीवरची दारू नव्हती, किंवा तेवढीच नव्हती. रायफल धड राहिली, डोळा राहिला, हे माझे कौशल्य नव्हे. पहिल्या डब्यातली उरलेली एकोणीस आणि दुसऱ्यातली वीस मी त्याच संध्याकाळी फोडली.

डबा क्रमांक तीन आदल्या दिवशी काकांना दिला होता. त्यांच्याकडे एकही काडतूस उरले नव्हते. रीत त्यांनी माझ्यासाठी मोडली. म्हणाले, "तुझं लेबल म्हणजे कारखान्याच्या वरचं."

५. माझ्या वडिलांची रायफल काका आर्लन एल्स्टाद यांना, एका अटीवर: डबा क्रमांक तीन त्यांनी गुन्हिल्डच्या हाती द्यावा, वीसच्या वीस. कमी असतील तर रायफल नाही.

ही लाच आहे, हे मी जाणते. दुसरा उपाय चालला नाही. सतरा महिन्यांपूर्वी मी फोन केला होता. संभाषण जसेच्या तसे देते.

"काका, परवाचा डबा परत द्या."

"का गं?"

"हवा आहे. आज येऊन नेते."

"आता पेटीला ऐंशी डॉलर पडतात म्हणून? पोरी, दिलेलं परत मागायला कधीपासून शिकलीस? क्रॅबट्रीकडे कामाला लागलीस काय?"

मी फोन ठेवला. कारण सांगितले असते तर बाटलीचे सांगावे लागले असते, आणि ज्याने नियम शिकवला त्याला ते सांगणे मला जमले नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर त्यांनी दार उघडले नाही. पत्र लिहिले, त्यातही फक्त 'डबा परत करा' एवढेच. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. हरणांच्या गेल्या दोन्ही मोसमांत मी त्यांच्या गल्लीतून गाडी हळू नेली आणि त्यांचे दोन्ही हात शाबूत, काही धरलेले दिसेपर्यंत पुढे गेले नाही.

म्हणून येथे लिहून ठेवते, काका: तो डबा वाईट आहे. चूक माझी आहे. मी परवा उठले नाही तर हे ठाऊक असलेला माणूस जगात उरत नाही. झाडू नका.

हे कलम लिहिताना मी चार वेळा उठले. एकदा नाडी मोजली, एकदा विनाकारण काटा तपासला.

(येथे पहिली बैठक संपली.)

६. दुपारी शेजारच्या वेल्मा शॉकली साक्षीच्या सहीसाठी आल्या. टपाल खात्यात त्यांची बत्तीस वर्षे गेली. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, हे मी सांगितले. त्यांनी चष्मा लावला आणि वाचला. मग विचारले, "मंगळवारचं आर्लनला माहीत आहे?"

"नाही."

"भाऊ ज्या झडपेनं गेला तीच पुतणीची, आणि त्याला माहीत नाही?" त्यांनी माझाच फोन उचलला. "आर्लन, वेल्मा बोलतेय. गाढवा, मारितनं दिलेला तो डबा उचल आणि असशील तसा ये. नाही, पायजमा चालेल."

काका सव्वा तीनला आले, टोपी न काढता. डबा टेबलावर ठेवला. मी उघडला. आत वीस रिकाम्या पुंगळ्या होत्या आणि वीस गोळ्या, कागदात गुंडाळलेल्या. एकाही पुंगळीला काजळी नव्हती.

"फोडली?" मी विचारले.

"तू दिलीस त्याच रात्री."

"दारू?"

"मागच्या गवतावर टाकली. खतासारखी लागली, पुढच्या उन्हाळ्यात तेवढाच पट्टा हिरवा होता."

"टोप्या?"

"टोप्या कोण फेकतं? त्या वर्षी?"

मी विचारले, कसे कळले. त्यांनी झाकणावरच्या लेबलावर बोट ठेवले. "हा रकाना. तू अकराव्या वर्षापासून एक रकाना रिकामा सोडलेला नाहीस. म्हटलं, पोरीला दारू कुठून आणली ते सांगायचं नाहीये."

"मग मला सांगितलं का नाहीत? सतरा महिने!"

"तू विचारलं कुठे? तू मागितलंस."

वेल्माबाई म्हणाल्या, "एल्स्टाद लोकांच्या तोंडाला कुणी सील लावलंय ते एकदा तपास गं." आणि कॉफी ठेवायला गेल्या.

त्या काळात मी झोपेत तो बोल्ट किती वेळा उघडला, हे मृत्युपत्रात लिहिण्याचा विषय नाही.

७. कलम पाचमधली अट रद्द. रायफल विनाअट काकांना द्यावी असे मी लिहू लागले, तेव्हा त्यांनी दुसरा साक्षीदार कोण आहे ते विचारले. माझा सहकारी उद्या सकाळी येणार होता. "मी करतो सही," ते म्हणाले. ज्याला काही मिळणार त्याची साक्ष मी घेत नाही. कायदा काहीही म्हणो, काट्याचा मालक काटा तपासत नाही. हे मी त्यांना सांगितले.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "म्हणूनच करतो. ती रायफल तुझ्या मृत्युपत्रातून मला नकोच आहे. पेन दे."

म्हणून कलम पाच पूर्ण रद्द. रायफल कोणालाही दिलेली नाही. ती कपाटात आहे.

८. डबा क्रमांक तीनचे लेबल मी आज पुरे केले. लॉट नंबरच्या रकान्यात लिहिले: 'माहीत नाही. क्रॅबट्रींनी ओतून विकलेली बाटली. मा. ए.'

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी सही केली.

लुइसटाउन, रविवार, १२ मार्च २०२३.

मारित योहाना एल्स्टाद

साक्षीदार:
१. वेल्मा रूथ शॉकली
२. आर्लन पेडर एल्स्टाद

(दुसऱ्या साक्षीदाराने आपल्या सहीखाली 'मंगळवारी गाडी मी चालवणार, साडेपाचला तयार राहा' असे लिहिले आहे. तो मजकूर मृत्युपत्राचा भाग नाही. खोडलेला नाही.)