दिसत नाही तो चढ

आमच्या गावसभेचे अध्यक्ष आणि माझे थोरले बंधू अमोस यांस,

धाकट्या एझ्राचं प्रेम. तुझी कंबर कशी आहे? सफरचंदं उतरवून झाली का? शिडीवर स्वतः चढू नकोस. हे मी भाषण म्हणून नव्हे, भाऊ म्हणून सांगतोय.

काल आम्ही नवराबायकोनं सायकली काढल्या! अमोस, काय सांगू, मेपलची झाडं लालभडक पानांनी नुसती पेटलीत! जुन्या रेल्वेचे रूळ उखडून केलेल्या त्या जंगलवाटेवर पानांचा असा थर, की चाकांखाली पापड मोडल्यासारखा आवाज. याच वाटेवर बॅटरी-मोटारच्या सायकलींना बंदी घालावी, असा माझा ठराव मंगळवारच्या सभेपुढे आहे, हे तू जाणतोसच (भाषण तयार आहे, सुरुवात रोमच्या ऱ्हासापासून). आणि माझीच लुएला तसल्या सायकलीवर! गुडघा बदलल्यापासून तिला दुसरी चालवता येत नाही. मी म्हटलं, तत्त्व म्हणजे तत्त्व. तर म्हणते, "तत्त्वाला गुडघे नसतात, एझ्रा."

जाताना मी असा सुटलो, की "डावीकडून येतोय!" असं ओरडत दोन तरुणांनाही मागे टाकलं. या वयात! माणसाच्या स्नायूंची थोरवी मी वाटभर मोठ्यानं सांगत होतो. जुन्या स्टेशनात सफरचंदाच्या सायडरचे डोनट खाताना (मोजले नाहीत) मी पुन्हा सुरू झालो, तेव्हा लुएला एवढंच म्हणाली, "थोडं परतीसाठी ठेव."

परतताना उलगडा झाला. आपले आजोबा याच मार्गावर इंजिनात कोळसा टाकायचे, आणि मीच विसरलो, की रेल्वेचा चढ डोळ्यांना दिसत नाही! आमच्या दारापासून स्टेशनापर्यंत सगळा उतार. जी ताकद मी माझी समजत होतो, ती डोंगराची होती. पुलापाशी पाय संपले. शब्दही संपले (लुएला म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदाच). तिनं टोपलीतली दोरी काढून माझी सायकल आपल्या सायकलीला बांधली. "चला, वक्ते. पायडल मारत राहा, म्हणजे कुणी पाहिलं तर बरं दिसेल." लाजेनं मी डोळे घट्ट मिटले आणि मारत राहिलो. पण अमोस, काय ती ओढ! काय ते यंत्र! चढ लोण्यासारखा कापला गेला! दारात पोचलो तेव्हा मी गात होतो.

तुझा,
एझ्रा

ता. क. मंगळवारी माझा ठराव पुकारलास, की विरोधात बोलायला पहिलं नाव माझंच घे. नियमांत बसत नसेल तर बसव. बंदी आली तर लुएला घरी बसेल आणि मी त्या वाटेवर एकटाच ओरडत फिरेन. भाषणात फार बदल नाही. रोम तसाच राहील.

आणखी ता. क. अमोस, मी लुएला. एझ्रा खुर्चीत घोरतोय, पाकीट मीच बंद करतेय. माझी बॅटरी पुलाआधीच संपली होती. दोरी घरापर्यंत सैल होती. तो आपल्याच पायांनी चढला. माझा गुडघा मात्र बॅटरीशिवाय चढून भोपळ्याएवढा सुजलाय, म्हणून ठराव पडायलाच हवा. मतदान होईपर्यंत त्याला काही सांगू नकोस. नंतरही नको. पुन्हा स्नायूंवर बोलायला लागेल.