कुठेही ठेवा, चालेल

१४ सप्टेंबर, सोमवार

अपिसाय आज मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "उलाचा प्रोग्राम म्हणजे आमची आत्या. स्वतःची उशी नसेल तर झोपच येत नाही!"

सगळे हसले. मीही हसले. हसावंच लागतं. त्याचं गाव आणि माझं गाव तौवू — मूळ पूर्वज एक. म्हणजे त्याने माझी हवी तेवढी चेष्टा करावी, माझी वस्तू उचलून न्यावी, आणि मी रागवायचं नाही. मेलबर्नला इतकी वर्षं राहून आला, बोलण्याची ढब तिकडची झाली, पण हा हक्क बरोबर लक्षात ठेवलाय!

मुद्दा त्याचा खरा आहे. तेच दुखतंय. समुद्राच्या उसळीचा अंदाज देणारा आमचा प्रोग्राम मी पहिल्यांदा तयार केला तो माझ्या कॉम्प्युटरवर, माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये. तयार होतानाच तो पत्ता त्याच्या पोटात कायमचा जाऊन बसला. तिथून उचलून दुसरीकडे ठेवला की आंधळा. म्हणून मग प्रत्येक बेटावर जायचं, तिथल्या कॉम्प्युटरवर उलामिला नावाचं खातं उघडायचं आणि तिथल्या तिथे बिल्ड करायचं, म्हणजे प्रोग्राम नव्याने तयार करायचा. लाकेम्बा, वनुआ बलावू, रोटुमा — सगळीकडे मी आहे.

हे ऐकून अपिसाय डोळे मोठे करून म्हणतो, "म्हणजे रोटुमावर तुझं घर आहे? भाडं कोण भरतं, तौवू?"

त्याला बिल्डची सगळी घडी बदलायची आहे. प्रोग्राम एकदाच सुवामध्ये तयार होईल, पेन ड्राइव्हवरून कुठेही नेऊन ठेवा, चालेल. रामसमुज साहेबांनी चष्मा काढला आणि पुसला. म्हणजे त्यांना आवडलं.

१५ सप्टेंबर

अपिसायने माझ्या डब्यातला उकडलेला कसाव्याचा कंद खाल्ला. पालेभाजीसकट. वर म्हणतो, "मीठ कमी आहे."

१८ सप्टेंबर, शुक्रवार

दिवसभर त्याचा कोड वाचला. तपासायचं काम माझंच आहे — माझ्या मंजुरीशिवाय मुख्य कोडमध्ये काहीच जात नाही. चूक शोधायला बसले होते, इथे खोटं कशाला लिहू?

कोड चांगला आहे. फारच चांगला आहे, मेला! प्रोग्राम सुरू झाला की आधी स्वतःलाच विचारतो — मी आत्ता कुठे आहे? मग तिथून एक पायरी वर, शेजारच्या फोल्डरमध्ये, त्याचं सगळं सामान. पत्ता कुठे लिहून ठेवायचाच नाही. बस, एवढंच. वाचताना दोनदा मान हलली माझी. मग आजूबाजूला बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना.

पण दुपारी एक चूक सापडली!

प्रत्येक बेटाचं काहीतरी वेगळं असतं. रोटुमाच्या खडकांवर लाट फुटते तशी लाकेम्बाला फुटत नाही. आजवर हे वेगळेपण मी प्रोग्राममध्येच शिवून टाकायचे. अपिसायच्या पद्धतीत ते बाहेरून अडकवायचं. प्लगइन. ज्याचं त्याने लिहावं, बाजूला ठेवावं, प्रोग्राम ते उचलून घेईल. आणि त्याची प्लगइन चुकत होती! प्रोग्राम एका डिस्कवर, प्लगइन दुसऱ्या डिस्कवर ठेवून बघितलं, तर ते वेडं आपल्याच फोल्डरमध्ये उभं राहून किनाऱ्याचे नकाशे शोधतंय. नकाशे मालकाकडे, म्हणजे मुख्य प्रोग्रामकडे! कोसळलं.

अगदी सभ्य भाषेत लिहून पाठवलं. "प्लगइनला आपला मालक कुठे राहतो हे माहीत नाही. कृपया पाहावे."

घरी येताना बाजारातून मासा घेतला. मोठा. एकटीला इतका मोठा कशाला लागतो!

२२ सप्टेंबर, मंगळवार

दुरुस्त केलं त्याने. एका दिवसात. आता प्रोग्रामच प्लगइनला सांगतो — मी इथे आहे, लागेल ते माझ्याकडे माग. वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय पकडलंस गं, तौवू! मी तर जन्मात तसं ठेवून बघितलं नसतं."

रामसमुज साहेब म्हणाले, "अपिसाय, असं काम फार दिवसांनी बघायला मिळालं."

फार दिवसांनी! म्हणजे आधी कुणाचं बघितलं होतं? मला ते आजवर एकच वाक्य बोलत आले आहेत — "उलामिला, झालं का?"

२५ सप्टेंबर

आता खरं काय ते लिहिते.

ऑक्टोबरात रोटुमाला जायचं असतं. वादळांचे महिने सुरू होण्याआधी तिथलं सगळं एकदा नीट करून यायचं. मी रोटुमाची नाही, माझं तिथे कुणी नाही, फक्त मकरेता आहे. हॉस्टेलवर आम्ही एका खोलीत होतो. मग ती तिच्या बेटावर परत गेली, वेधशाळेची प्रमुख झाली, आणि मी इथेच राहिले. तिचे टाइड आणि वारे पक्के, पण कॉम्प्युटरचं नाव काढलं की हात वर. दर वर्षी फोन — "उला, ये बाई, तुझं यंत्र पुन्हा रुसलंय."

आणि मी जाते. विमानाच्या शिडीखाली ती फुलांची माळ घेऊन उभी. गालाला पावडर फासणार, डोक्यावर अत्तर ओतणार — पाहुण्याच्या स्वागताची तिथली रीतच. मग आठवडाभर दिवसा काम, संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसून संत्री सोलायची आणि वर्षभराचं बोलायचं. माझ्या वर्षात बोलण्यासारखे दिवस तेवढेच.

कुठेही ठेवा, चालेल! मग मला कोण पाठवणार?

२९ सप्टेंबर, मंगळवार

मंजुरी दिलेली नाही. "तपासते आहे" असं लिहून ठेवलंय. आज कोडच्या एका ओळीत दोन मोकळ्या जागा जास्त होत्या म्हणून परत पाठवलं. त्याने दहा मिनिटांत सुधारून दिलं. मग एका फाइलचं नाव आवडलं नाही म्हणून पाठवलं. तेही बदललं. चिडतसुद्धा नाही!

१ ऑक्टोबर

मकरेताला फोन केला. तिकिटाचं बघायला सांगतील म्हणून वाट पाहत होते, कुणी काही बोललं नाही, म्हटलं तिचाच आवाज ऐकावा.

"अगं उला, तुमच्याकडे तो अपिसाय कोण आहे? मला प्लगइन कसं लिहायचं त्याचे कागद पाठवलेत त्याने. किती छान समजावतो गं! आमच्या खडकांचं मी लिहायला घेतलंसुद्धा."

"तू? लिहायला घेतलंस?"

"मग! झालंच आहे जवळजवळ. एक जागा अडलीय, त्याला विचारते उद्या."

त्याला विचारते!

मी इतकी वर्षं तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. हे दाब, ते बघ, असं नाही गं मकरेता, असं. वहीत लिहून दिलं. तिला कधी एक फोल्डर हलवता आला नाही. आणि हा चार कागद पाठवतो नि ही प्लगइन लिहिते! माझ्याकडून नाही शिकली. त्याच्याकडून शिकली.

लाइन खराब आहे म्हणाले आणि ठेवून दिला. लाइन चांगली होती.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑफिसनंतर सगळे यांगोना प्यायला बसले, आमचं ते मुळं कुटून पाण्यात कालवलेलं पेय. अपिसाय कालवत होता. माझ्यापुढे करवंटी धरून म्हणाला, "घ्या, मंजुरी-राणी!" सगळे फिस्सकन हसले. मी रीतीप्रमाणे टाळी वाजवून एका दमात रिकामी केली.

मग जरा वेळाने बाजूला सरकून, हळू आवाजात — "तौवू, माझ्यावर राग आहे का?"

"तौवूचा राग येतो का कधी?"

"येत नाही असं म्हणायचं असतं," तो म्हणाला.

त्याने माझ्यासाठी पुढची करवंटी भरली, काठोकाठ. निदान वाईट माणूस तरी असायचा!

६ ऑक्टोबर, मंगळवार

रामसमुज साहेब टेबलाशी आले. "उलामिला, झालं का?"

तेच वाक्य. पण या वेळी त्यांनी विचारलं ते त्याच्या कामाबद्दल.

शेवटचं म्हणून पुन्हा सगळं चालवून पाहिलं. फोल्डरचं नाव बदललं — चाललं. नावात मोकळी जागा ठेवली — चाललं. पेन ड्राइव्हवरून, दुसऱ्या माणसाच्या खात्यातून, नेट काढून, प्लगइन एकीकडे नि प्रोग्राम दुसरीकडे — चाललं. एकदा तरी पड रे! नाही पडलं.

बटण दाबलं. मंजूर.

माझ्या नावाचा पत्ता जिथे जिथे होता त्या सगळ्या ओळी, खोडल्या गेल्या म्हणून लाल होऊन, पडद्यावरून गेल्या. बऱ्याच होत्या.

अपिसाय नाचत आला आणि माझ्या टेबलावरचा आंबा घेऊन गेला.

८ ऑक्टोबर, गुरुवार

मला वाटलं होतं की आता रोटुमाला कुणीच जाणार नाही. ते एक वेळ चाललं असतं.

साहेब म्हणाले, "नवीन पद्धत एकदा प्रत्यक्ष बेटावर बसवून बघायला हवी. प्लगइनसकट. मकरेताबाईंचं तयार आहे म्हणे, रोटुमाच बरं. अपिसाय, तुम्ही जा."

अपिसायने माझ्याकडे बघितलं. "उला नेहमी जाते ना? तीच जाऊ दे."

"काम तुमचं आहे," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, बरोबर आहे, त्याचंच काम आहे, त्यानेच जावं. आवाज छान निघाला. इतका छान की अपिसायने मान खाली घातली. त्याने माझ्यासाठी शब्द टाकला याचाच जास्त राग आला. त्याच्या मेहरबानीने जायचं होतं का मला?

१२ ऑक्टोबर

विचारायला आला — रोटुमाला जाताना काय न्यायचं? डासांचं मलम ने, म्हटलं.

मकरेताला इथल्या बाजारातली मोठी वांगी लागतात. कांदे लागतात. तिच्या आईला ते एका विशिष्ट डब्यातलंच बिस्किट लागतं. हे त्याला सांगितलं नाही. जाऊ दे हात हलवत!

१४ ऑक्टोबर

सांगितलं शेवटी. बिस्किटाचा डबा मीच आणून त्याच्या बॅगेत कोंबला. आई म्हातारी आहे, तिचा काय दोष?

१५ ऑक्टोबर, गुरुवार

गेला. ऑफिसात शांत. डबा पूर्ण मलाच खाता आला. मीठ कमीच होतं.

१७ ऑक्टोबर, शनिवार

फोटो पाठवलाय. गळ्यात माळ — तीच, तशीच गुंफलेली. गाल पांढरे. केसांतून अत्तर ओघळतंय, डोळे मिचकावतोय गधडा. मागे मकरेता, तोंडभर हसतेय. ओट्यावर. हातात संत्रं.

फोटो मोठा करून पाहिला. माझ्या जागी बसलाय. अगदी तिथेच, खांबाला टेकून. त्याला कुणी सांगितलं असेल का — इथे बस म्हणून? की तिथे जो येईल तो तिथेच बसतो?

"छान," असं उत्तर पाठवलं. मग वाटलं कोरडं झालं, म्हणून एक फूल जोडलं.

१९ ऑक्टोबर, सोमवार

साहेबांना त्याचा निरोप — पहिल्या झटक्यात चाललं. मकरेताच्या प्लगइनसकट. लाकेम्बाचे लोक आता स्वतःचं लिहिणार म्हणतायत. साहेब खूश. सगळ्यांना समोसे.

मी दोन खाल्ले. रडू येईल असं वाटलं म्हणून तिसरा घेतला.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

संध्याकाळी अपिसायचा फोन. थट्टा नाही, काही नाही. म्हणाला, तौवू, जुना कॉम्प्युटर बंद करण्याआधी बघत होतो. तुझा जुना प्रोग्राम इथे दुसऱ्याच फोल्डरमधून चालतोय. कुणीतरी त्याचा पत्ता वळवणारा छोटा कोड लिहिलाय. भोंगळ आहे, पण चालतो. तारीख फार जुनी आहे — मी मेलबर्नला जायच्याही आधीची.

"कुणी लिहिला?"

"इथे वेधशाळेत मकरेता एकटीच तर आहे. आणि दर ऑक्टोबरात, तू यायच्या आधी, तो काढून ठेवलेला दिसतो. तू गेलीस की परत."

मला काही समजेना. मग फोनवर खरखर झाली आणि मकरेताचा आवाज आला.

"अगं, चालतंय म्हणून कळवलं असतं, तर तुला इकडे कोण पाठवलं असतं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सुवाहून बोट सोमवारी सुटते. रजा काढ आणि ये. या वेळी मी काही बिघडवून ठेवलेलं नाही."