अस्मेरोमची मेणबत्ती

अस्मरा, ३० जानेवारी २०१४

चि. किफ्लोम यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईचे गुडघे थंडीने धरले आहेत. तेफचे पीठ परवडत नाही, म्हणून इंजेराच्या आंबोळ्या ज्वारीच्या करते आणि आई त्यांना रोज नावे ठेवते. म्हणजे प्रकृती बरी आहे असे समज.

माझा अस्मेरोम नाताळनंतर लष्कराच्या छावणीत परतला नाही. सीमा ओलांडून सुदानात पोचल्याचा निरोप आला आहे. पुढे तो जर्मनीला तुझ्याकडेच येईल. त्याला दुसरे कोण आहे? हे पत्र टपालाने न पाठवता एका पाहुण्याच्या हाती देते आहे, यावरून काय ते ओळख. दार उघड, एवढेच मागणे.

लोभ आहे, तो रागाखाली दडपू नकोस.
तुझी ताई,
रिशान

फ्रँकफर्ट, ९ मार्च २०१४

ती. रिशानताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचले, सोबतचे बेरबेरे तिखटही पोचले. इथल्या मिरचीला नुसता रंग असतो.

अस्मेरोमविषयी स्पष्ट लिहितो, रागावू नये. स्वातंत्र्ययुद्धात नकफाच्या खंदकात दादा गेला, तेव्हा आपला देश नकाशावर नव्हता. त्याचेच नाव आपण या मुलाला ठेवले, आणि तो राष्ट्रसेवा टाकून पळाला. येथील आपल्या देशबांधवांच्या समितीत हुतात्मा दिनाची व्यवस्था माझ्याकडे असते. पळून आलेल्यांना सभागृहात प्रवेश नाही, हा समितीचा ठराव मीच मांडलेला आहे. आता त्याला घरी कोणत्या तोंडाने ठेवू? निर्वासितांसाठी येथे वसतिगृहे आहेत, तेथे त्याची सोय होईल.

आईस दंडवत. आशीर्वादातून मला वगळू नये, ही विनंती.
तुझा,
किफ्लोम

अस्मरा, २९ मे २०१४

चि. किफ्लोम यास,
आशीर्वाद. वि. वि.

स्वातंत्र्यदिनी मीही रस्त्यावर होते. झेंडा वर गेला तेव्हा याही वर्षी रडले. तेव्हा देशाचा अभिमान तुम्हा परदेशस्थांकडेच ठेवायला दिला आहे असे समजू नकोस. तू सभागृहात ढोलाच्या तालावर गोल फिरतोस आणि सोमवारी आपल्या नोकरीवर जातोस. माझ्या मुलाला दीड वर्षासाठी नेले होते. आठवे चालू होते रे! हातात बंदूकही नव्हती, फावडे होते. कधी सोडणार असे विचारले की साहेब हसायचे म्हणे.

तो तुझ्या शहरात पोचला आहे. तुझ्या दारापर्यंत आला, खिडकीतला झेंडा पाहिला आणि घंटी न वाजवता परतला. राहायला कोठेतरी जागा मिळाली आहे. ती आता तुझ्याकडे मागत नाही. मात्र आपल्या घरात हुतात्मा दिनाला दादाची मेणबत्ती त्याचे नाव चालवणाराच लावतो, आणि ती लागल्याशिवाय आई घास घेत नाही, हे तू जाणतोस. त्या दिवशी, वीस जूनला, तो सभागृहात येईल. तेवढे करू दे.

फार लिहवत नाही. माया कमी झालेली नाही.
रिशान

फ्रँकफर्ट, २२ जून २०१४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सभागृहाच्या दारावर मीच उभा होतो. अस्मेरोम आला तेव्हा क्षणभर दादाच आला असे वाटले. एक खांदा पाडून चालण्याची तीच ढब. मी ठराव सांगितला. तो वाद घालील, या तयारीत होतो. तो इतकेच म्हणाला, की मग मामा, तुम्हीच लावा. फक्त आजीला मी लावली असे कळवा, नाहीतर म्हातारी उपाशी राहील. आणि निघून गेला.

आत दादाचे नाव पुकारले गेले. मी उठलो, मेणबत्ती हातात घेतली. पेटवता आली नाही. तशीच घेऊन बाहेर पडलो. तो ट्रामच्या थांब्यावर सापडला. वाऱ्यात काडी टिकेना, म्हणून मी कोटाचा आडोसा धरला. समितीचे लोक पायऱ्यांवरून पाहत होते. एकाने मला गद्दार म्हटले. तो शब्द त्याला मीच शिकवला होता.

माझे मत बदलले असे समजू नये. झेंडा मला तितकाच प्रिय आहे. थकलो मात्र फार. अस्मेरोम माझ्याकडे राहायला येण्यास तयार नाही. पुढच्या रविवारी जेवायला येईन म्हणाला, तेही देशाविषयी अवाक्षर काढायचे नाही या अटीवर. अट मान्य केली आहे. मामा-भाच्यांनी मग बोलायचे कशावर, हे अजून सुचलेले नाही.

आईला निर्धास्तपणे सांग, मेणबत्ती अस्मेरोमनेच लावली. यात खोटे काही नाही.

जमेल तेवढी क्षमा असावी.
तुझा,
किफ्लोम