विमानाखालचे दोन हुक

बाबा, आज तुमच्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या कामात तुम्ही मध्ये येता.

मी काय काम करते ते तुम्हाला माहीतच नाही. लोअर परळला, तुमच्या गिरणीला लागून जी गिरणी होती, तिच्या आवारात आमचं ऑफिस आहे. कुठल्या खात्याच्या जागेवर, असं तुम्ही लगेच विचाराल. मला सांगता येणार नाही, आता सगळीकडे काचा आहेत. आम्ही लहान उपग्रह वर पाठवायची तयारी करतो, साधारण पावाच्या लादीएवढे. जमिनीवरून नाही. रॉकेट विमानाच्या पोटाखाली टांगायचं, विमानाने ते ढगांच्याही वर न्यायचं आणि समुद्रावर सोडून द्यायचं. काही क्षण ते नुसतं पडतं, मग पेटतं आणि उपग्रह घेऊन निघून जातं. ते रॉकेट धरून ठेवणारे दोन हुक माझ्या जबाबदारीवर आहेत. दोन्ही एकदम उघडायला हवेत. एकच उघडला तर इंधनाने भरलेलं रॉकेट विमानाखाली तिरकं लोंबकळत राहील, आणि विमानात दोन माणसं बसलेली असतील.

थंड खोलीत वीस मिनिटं ठेवून आम्ही ते तीनदा उघडून पाहिले. तिन्ही वेळा उघडले. पण विमान वर सव्वा तास असणार, बाहेर कडाक्याची थंडी. तेवढ्या वेळात आतलं ग्रीस घट्ट झालं तर काय, हे कुणीच पाहिलेलं नाही. मी सव्वा तासाची चाचणी मागितली. थंड खोली दीड महिन्याने मिळणार. ज्या कॉलेजच्या मुलांचा उपग्रह आहे, ती तोपर्यंत थांबणार नाहीत, दुसरीकडे जातील. आमचे साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. ते आज म्हणाले, "मॅडम, तीनदा उघडले ना? अजून काय, त्यांची पूजा घालू?" सगळे हसले. मीही हसले. हुक उड्डाणाला योग्य आहेत असा कागद पुढे होता, सही केली नाही. उद्या सकाळी करते म्हटलं.

आणि घरी येईपर्यंत डोक्यात तुमचा तो स्टोव्ह.

गिरण्यांच्या संपाला वर्ष होत आलं होतं. तुम्ही दुसरी नोकरी धरायला तयार नव्हता, संप मिटला की साचा खात्यात मागांचा फिटर म्हणून परत जायचंच होतं तुम्हाला. तोवर चाळीतल्या लोकांचे पंपाचे स्टोव्ह दुरुस्त करायचात. हात चांगला होता. पण दुरुस्त केलेला स्टोव्ह तासभर पेटता ठेवल्याशिवाय परत द्यायचा नाही, हा तुमचा हट्ट. रॉकेल रेशनवर, आणि तुम्ही गॅलरीत बसून लोकांचं रॉकेल जाळताय. "तुमी लोकांचा रॉकेल कित्याक जाळतास?" आई रोज विचारायची. "तापल्यावर गळतो की नाही ते थंड स्टोव्हात दिसत नाही," हे तुमचं ठरलेलं उत्तर. समोरचे काका तर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "अर्धं रॉकेल तुमच्याकडेच संपलं, आता जेवायला पण इथेच येऊ काय?" मला शाळेत जाताना त्या गॅलरीतून जायची लाज वाटायची. लोक हळूहळू दुसरीकडे जायला लागले, तरी तुम्ही ऐकलं नाही.

शेवटच्या खोलीतल्या मावशींचा स्टोव्ह आला त्या दिवशी तुम्हाला गिरणीच्या फाटकावर सभेला जायचं होतं. मला म्हणालात, "तास झाला की विझव. मधे विझवू नको." मी सातवीत होते. तुम्ही जिना उतरलात आणि दहा मिनिटांत मी तो विझवला. समोरच्या काकांची मुलगी बघत उभी होती, म्हणून. तुम्ही आल्यावर सांगितलं, तास झाला.

दोन दिवसांनी बर्नरच्या खालच्या जोडातून रॉकेल आलं आणि मावशींचा हात मनगटापर्यंत भाजला. तुम्ही त्यांच्याकडे जाऊन आलात आणि पाना, पिना, वायसर, सगळं एका फडक्यात बांधून माळ्यावर टाकलंत. मग कितीतरी दिवस आईला विचारत होतात, "तासभर जाळून बघितला होता गं. मग कसा?" आई म्हणायची, "होता कधी कधी असा." तुम्ही स्वतःचेच हात उलटसुलट करून बघायचात. मला एकदा तरी विचारायचं होतंत, बाबा. मी तिथेच अभ्यासाला बसलेली असायचे. सगळ्या चाळीला उलटे प्रश्न विचारणारा माणूस, पोटच्या मुलीला एक विचारता आला नाही? त्याचा मला अजून राग येतो, आणि तो राग सोयीचा आहे हेही कळतं.

उद्या मी सही करणार नाही. मुलं जातील, साहेब बोलतील, कदाचित माझं कामही जाईल. कारण विचारलं की ग्रीसचं सांगेन. ते खोटं नाही. दुसरं कारण मी आईलाही शेवटपर्यंत सांगितलं नाही.